खाटेला विमा, खुर्चीला नाही

तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी बाहेर काढा. एजंटाने दिलेलं चकचकीत पत्रक नको. बारीक टायपातलं ते जाडजूड बाड काढा, ज्याला विमावाले पॉलिसी वर्डिंग म्हणतात. त्यात मानसिक आजार शोधा. सापडतील. त्यांच्या उपचारांचा समावेश आहे, असंही लिहिलेलं सापडेल. जरा आणखी पुढे वाचा. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा समावेश आहे, असा त्या वाक्याचा खरा अर्थ निघतो.

मग आठवड्यातून एकदा, रात्री साडेआठला खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घालून लॅपटॉपसमोर थेरपी घेणाऱ्या माणसाने दाखल कुठे व्हायचं?

नैराश्य, सततची चिंता, पॅनिकचे झटके, ओसीडी, बाळंतपणानंतर आलेली उदासी. हे त्रास असलेल्या बहुसंख्य लोकांना खाटेची गरज कधीच पडत नाही. त्यांना गरज असते ती जाणत्या माणसासमोर नियमित बसण्याची, काहींना त्याच्या जोडीला गोळ्यांची. आपला आरोग्य विमा या बसण्याचे पैसे देत नाही. निजलात तर देतो.

पैशांचं बोलू. खासगी ऑनलाइन थेरपीचं एक सेशन पाऊण ते एक तासाचं. अनुभवी मानसशास्त्रज्ञाचे एका सेशनला १,००० ते २,५०० रुपये सहज होतात. कुठे कमी पडतात, कुठे याहून जास्त. मधला आकडा धरू, १,५००. दर आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला ६,०००. सीबीटी नावाची जी थेरपी नैराश्यासाठी सर्रास सुचवली जाते, तिचा एक पूर्ण टप्पा साधारण १२ ते १६ सेशनांचा, कधी २० चा. १६ धरले तर २४,००० रुपये झाले. महिना ३०,००० कमावणाऱ्या मुलीला पगाराचा पाचवा हिस्सा चार महिने बाजूला काढायचा आहे. घरभाडं, गावी पाठवायचे पैसे आणि डबा यांच्यातून.

ती काय करते? आठवड्याचं सेशन पंधरवड्यावर आणते. मग महिन्यावर. मग थेरपिस्टला कळवते, सध्या बरं वाटतंय, गरज पडली तर सांगेन. बरं वाटत नसतं. पैसे संपलेले असतात. निम्म्यावर सोडलेली थेरपी हा माणसाचा आळस नाही, चिकाटीचा अभावही नाही. घरचे तसं म्हणतात तेव्हा राग येतो. अँटिबायोटिकचा कोर्स पैशाअभावी निम्म्यावर सुटला तर आपण पेशंटला बोल लावतो का?

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम २१, उपकलम ४ अगदी छोटं आहे: प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजारावरील उपचारांसाठी ज्या आधारावर विमा दिला, त्याच आधारावर मानसिक आजारावरील उपचारांसाठीही द्यावा. विमा नियामक, म्हणजे इर्डा, याने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. २०१९ मध्ये पॉलिसीतून काय वगळता येणार नाही याची यादी आली. त्यात मानसिक आजार, ताण, मानसशास्त्रीय विकार हे सगळं होतं. तरी काही पॉलिस्यांत जुनी वगळणी तशीच राहिली. एका महिलेचा रुग्णालयाचा क्लेम त्याच वगळणीवर बोट ठेवून नाकारला गेला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने ठणकावलं: कायदा लागू झाला त्या दिवसापासून ही वगळणी चालत नाही. एवढं झाल्यावरही ऑक्टोबर २०२२ मध्ये इर्डाला कंपन्यांना पुन्हा बजावावं लागलं की महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिस्या कायद्याला धरून करा.

पाच वर्षं लागली एका वाक्याला. आणि ते वाक्य पुरं पाळल्यावर तरी पदरात काय पडलं?

'त्याच आधारावर' हे कंपन्या अगदी काटेकोर पाळतात. त्या म्हणतात, तापासाठी डॉक्टरकडे गेलात तर आम्ही फी देतो का? नाही. मग थेरपीचीही देत नाही. झाली की बरोबरी. तांत्रिक बाजूने त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयातल्या भरतीचा विमा आहे. चोवीस तास भरती, काही डे-केअर प्रक्रियांना सूट, ओपीडी बाहेर. हे सगळ्यांनाच लागू आहे.

पण शरीराचा खर्च आणि मनाचा खर्च एकाच जागी होत नाही. शरीराचा कंबरडं मोडणारा खर्च खाटेवर होतो: बायपास, गुडघ्याचा सांधा, डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट्स. ओपीडीतला ताप-खोकला माणूस खिशातून निभावतो, कारण तो चार दिवसांत संपतो. मनाच्या आजारात हे उलटं आहे. भरती क्वचित होते आणि खरा खर्च महिनोन्महिने चालणाऱ्या ओपीडीत होतो. वेगळ्या पावलांच्या दोन भावांना एकाच मापाची चप्पल द्यायची आणि म्हणायचं, आम्ही दुजाभाव केला नाही. कायद्याने शब्द पाळायला लावले. माणसाच्या हातात पावतीचे पैसे पडतात की नाही, हे कुणी तपासलं नाही.

त्यात आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. विमा पॉलिस्यांमध्ये 'मेडिकल प्रॅक्टिशनर' याची व्याख्या ठरवून दिलेली आहे. राज्याच्या किंवा देशाच्या वैद्यक परिषदेकडे, किंवा भारतीय चिकित्सापद्धती वा होमिओपॅथीच्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती. म्हणजे एमबीबीएस आला, मनोविकारतज्ज्ञ आला, वैद्य आला, होमिओपॅथ आला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आला नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत ज्याचं नाव आहे, ज्याने पदव्युत्तर शिक्षणानंतर एम.फिल. करून रुग्णालयात प्रशिक्षण घेतलंय, आणि मानसिक आरोग्य कायदा ज्याला नाव घेऊन मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणतो, तो विम्याच्या व्याख्येत बसत नाही. थेरपी देणारा बहुतेक वेळा तोच असतो. मनोविकारतज्ज्ञाकडे दिवसाला इतके पेशंट असतात की प्रत्येकाला पाऊण तास देणं त्याला शक्यच नसतं. देशात एक लाख लोकांमागे पूर्ण एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. सरकारी कागदांत येणारा आकडा ०.७५ आहे. औषध तो लिहितो, बोलण्याचं काम मानसशास्त्रज्ञ करतो. विम्याने दोघांतल्या एकालाच ओळखायचं ठरवलंय.

भरतीतही सगळं सुरळीत नाही. रुग्णालय कशाला म्हणायचं याचीही ठरलेली व्याख्या आहे. क्लिनिकल आस्थापनांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर काही अटी पुऱ्या कराव्या लागतात. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दहा खाटा, मोठ्या शहरात पंधरा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, आणि स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर. मनोरुग्णांच्या छोट्या नर्सिंग होमला ऑपरेशन थिएटर कशाला हवंय? ही व्याख्या ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यांपुढे मानसिक आजार नव्हता, एवढं नक्की. म्हणून भरती नियोजित असेल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या, की हे केंद्र तुमच्या व्याख्येत बसतं का.

व्यसनाचं तर विचारूच नका. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. आणि विमा कंपन्यांना ज्या वगळण्या ठरावीक मसुद्यात करायला परवानगी आहे, त्यांत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम आहेत. संसदेने आत घेतलं, नियमावलीने दाराबाहेर काढलं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला व्यसन हा आजार आहे हे कळतंय. विम्याच्या कागदावर तो अजून दुर्गुण आहे.

आता कुणी म्हणेल, ऑनलाइन थेरपी हे शहरातल्या पैसेवाल्यांचं फॅड. हे म्हणणाऱ्याने एकदा गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावी मराठीत बोलणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ शोधून दाखवावा. राज्यातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. बाकीच्यांनी एसटीने दिवस घालवून जायचं, रजा टाकायची, आणि गावातल्या कुणी तिथे पाहिलं तर त्याचंही उत्तर तयार ठेवायचं. मोबाइलवरच्या पाऊण तासाने या माणसाची एक रजा वाचते, एसटीचं भाडं वाचतं आणि चारचौघांत निघालेली चर्चा टळते. बंगळूरला किंवा ड्युसेलडॉर्फला नोकरी करणाऱ्या मराठी मुलालाही आईशी झालेलं भांडण मराठीतच सांगायचं असतं. ऑनलाइन ही त्याच्यासाठी चैन नाही, तेवढा एकच रस्ता आहे.

ऑनलाइनला नियमांची आडकाठीही आता फारशी उरलेली नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी जूनमध्ये इर्डाने कंपन्यांना सांगितलं की पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याची फी मान्य असेल तर टेलिमेडिसिनमधून घेतलेला सल्लाही मान्य करा. म्हणजे ओपीडीचं कव्हर असेल तर मनोविकारतज्ज्ञाचा व्हिडिओ कॉल चालायला हवा. पण ती तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. मानसशास्त्रज्ञ पुन्हा बाहेरच.

यातून पैसे मिळवायची जी वाट उरते ती अरुंद आहे, पण आहे. ओपीडीचं जोडकव्हर घ्यायचं. काही कंपन्या ते देतात, जादा प्रीमियम घेतात आणि वर्षाची मर्यादा बहुधा काही हजारांतच असते. जादा प्रीमियम किती आणि मिळणारी मर्यादा किती, हा हिशेब कागदावर मांडूनच घ्या; कधी कधी दोन्ही आकडे इतके जवळ असतात की आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. तेवढी बचत या जोडकव्हरात घालता येते का, ते नूतनीकरणाच्या वेळी विचारा. मग मनोविकारतज्ज्ञाला एकदा तरी भेटा आणि त्याच्या चिठ्ठीवर निदान आणि मानसोपचार घ्यावेत असा सल्ला लिहून मागा. पॉलिसीतल्या ओपीडीच्या व्याख्येत डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले उपचार असा उल्लेख असतो. ती चिठ्ठी जोडली की क्लेमला आधार मिळतो. तरी मिळेलच अशी खात्री नाही, पण चिठ्ठीशिवाय तर नाहीच.

पावती हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. मोठमोठे अ‍ॅप सेशनांची पॅकेजं विकतात: चार घ्या, आठ घ्या, इतके टक्के सूट. पावती अ‍ॅपच्या कंपनीच्या नावाने येते आणि तीवर लिहिलेलं असतं वेलनेस सेवा. थेरपिस्टचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सेशनची तारीख नाही. असा कागद विमा कंपनीच्या टेबलावर दोन मिनिटंही टिकत नाही. आयकराचं असो की कंपनीच्या वैद्यकीय खर्चाचं, कुणालाही दाखवायचा झाला तर तो निकामीच. प्रत्येक सेशनची तारीखवार पावती, देणाऱ्याचं पूर्ण नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक हे पहिल्याच दिवशी मागा. द्यायला खळखळ करत असतील तर दुसरीकडे जा. आणि पहिल्याच फटक्यात पॅकेज कधीही घेऊ नका. थेरपिस्टशी सूर जुळतो की नाही हे एक-दोन भेटींशिवाय कळत नाही, आणि उरलेले पैसे परत मिळण्याचे नियम शोधत बसावं लागतं ते नेमकं माणूस सर्वांत खचलेला असतो तेव्हा. सूट देऊन आठ सेशन विकणं हा कपड्यांच्या सेलचा धंदा झाला. दुखावलेल्या माणसाशी तसं वागायचं नसतं.

नोंदणी क्रमांकाचा आग्रह फक्त विम्यासाठी नाही. पुनर्वास परिषदेची नोंदवही कुणालाही पाहता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव तिथे असलंच पाहिजे. सगळेच चांगले समुपदेशक तिथे नसतात, हे खरं. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी आजवर वेगळी नोंदवहीच नव्हती. २०२१ च्या सहाय्यक आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश झाला आहे, पण राज्याराज्यांत नोंदणीची यंत्रणा उभी राहायला उशीर होतो आहे. हा उशीर बिनमहत्त्वाचा वाटतो. तसा तो नाही. नोंदवही नसेल तर विमा कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून लाइफ कोच झालेल्याला आयतं गिऱ्हाईक.

भीतीबद्दल बोलायलाच हवं, कारण पैशाइतकंच तीही लोकांना अडवते. थेरपी घेतो हे प्रपोजल फॉर्मवर लिहिलं तर पॉलिसी मिळेल का? एजंट हळूच सांगतो, लिहू नका हो, कोण बघतंय. त्याचं ऐकू नका. लपवलंत तर उद्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा क्लेमही माहिती दडवल्याचं कारण देऊन नाकारला जाऊ शकतो, आणि त्या दिवशी एजंट फोन उचलणार नाही. जे आहे ते लिहा. आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. २०२४ पर्यंत चार वर्षांपर्यंत चालायचा. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दिली नाही या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही. कंपनीने पॉलिसीच नाकारली तर तिला कारण लेखी द्यावं लागतं. ते मागाच. आणि क्लेम केला म्हणून तुमच्या एकट्याचा प्रीमियम पुढच्या वर्षी वाढवायला किंवा नूतनीकरण नाकारायला परवानगी नाही. नो-क्लेम बोनस मात्र जाऊ शकतो.

नोकरदारांची वेगळी धास्ती. कंपनीचा ग्रुप विमा आहे, क्लेम केला तर एचआरला कळेल. कायदा इथे तुमच्या बाजूला आहे. मानसिक आजारावरच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २३ ने दिलाय. पण हक्क असणं आणि तो पाळला जाईल असा विश्वास वाटणं यांत अंतर आहे, आणि ते भरून काढणं कंपन्यांचं काम आहे, कर्मचाऱ्याचं नव्हे. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर लिफ्टशेजारी लावायचं, वर्षाला मोजकी मोफत सेशन द्यायची, आणि ग्रुप पॉलिसीत थेरपीची ओपीडी घालायला सांगितलं की बजेट नाही म्हणायचं. ज्या कंपन्यांचे एचआरप्रमुख हे वाचत असतील त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या बैठकीत ब्रोकरला एवढंच विचारावं: माणशी किती पडेल? ग्रुप पॉलिसीत अटी ठरवायची ताकद एकट्या ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त असते.

विमा कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. ओपीडीचे क्लेम छोटे, असंख्य, तपासायला खर्चिक. ज्याला गरज आहे तोच कव्हर घेणार. सेशन खरंच झालं की नाही हे कळायचं कसं? आजार संपला हे ठरवायचं कुणी? हे प्रश्न खोटे नाहीत. पण ते सोडवता न येण्याजोगेही नाहीत. ऑस्ट्रेलियात २००६ पासून एक पद्धत आहे. आधी कुटुंबाच्या डॉक्टरकडून मानसिक आरोग्याची उपचार योजना लिहून घ्यायची, मग नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाकडे जायचं. वर्षाला दहा वैयक्तिक सेशनांपर्यंत सरकारी मेडिकेअर फीचा ठरलेला हिस्सा देतं, आणि व्हिडिओ कॉलवरची सेशनंही त्यात धरतात. मेलबर्नमधल्या मराठी घरांना हे माहीत आहे. बाकीची फी तिथेही खिशातून जाते, नंबर लागायला वेळ लागतो, म्हणजे तिथे सगळं गोड आहे असं नाही. पण मर्यादा घातलेली, चिठ्ठी लागणारी, नोंदणी बघणारी व्यवस्था एखादा देश वीस वर्षं चालवतो. आपल्या कंपन्यांना खोट्या क्लेमची भीती असेल तर त्यांनी याच तीन कड्या घालाव्यात. दार तेवढं उघडावं.

सरकारी योजनांनीही इथे हात आखडलाय. आयुष्मान भारतच्या विमा योजनेत ओपीडी नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा आजार वाढून भरतीपर्यंत गेला की ही योजना खर्च करणार, त्याआधी नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. या आकड्यासमोर बसून कुणाला वाटत असेल की आधी भरतीचं बघू, थेरपीचं नंतर, तर त्याने हेही सांगावं की भरतीपर्यंत पोचण्याआधी ज्याची नोकरी गेली, जिची परीक्षा बुडाली, ज्यांचं घर मोडलं, त्यांचा हिशेब कुठल्या खात्यात धरायचा.

आज, या क्षणी कुणाकडे पैसे नसतील आणि रात्र काढणं कठीण जात असेल, तर १४४१६. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवाही मोफत आहे. दर आठवड्याला त्याच माणसाशी, तोच धागा पकडून चालणाऱ्या थेरपीची जागा हेल्पलाइन घेऊ शकत नाही, तिथल्या समुपदेशकांचाही तसा दावा नाही. पण फोन लावायला मागेपुढे पाहू नका.

ज्यांचा क्लेम नाकारला गेलाय त्यांनी कागद फेकून देऊ नयेत. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने नकार कळवल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. मानसिक आजाराचा भरतीचा क्लेम निव्वळ मानसिक म्हणून नाकारला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे: कलम २१(४) आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल, दोन्ही अर्जात लिहा.

आणि ज्यांचं नूतनीकरण जवळ आलंय त्यांनी कंपनीला मेल टाकावी, फोन नको. माझ्या पॉलिसीत मानसिक आजाराची ओपीडी आहे का, नसेल तर कोणत्या जोडकव्हरात मिळेल, वर्षाची मर्यादा किती? पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं सेशन मान्य आहे का? व्हिडिओवरचं मान्य आहे का? पावतीवर काय काय असावं लागतं? नवी पॉलिसी घेतली असेल तर हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, म्हणून ही मेल त्या तीस दिवसांतच जाऊ द्या. कॉल सेंटरच्या 'हो सर, सगळं कव्हर आहे' यावर विसंबू नका. उत्तर लेखी येईपर्यंत प्रीमियमचं बटण दाबू नका, फक्त नूतनीकरणाची तारीख उलटू देऊ नका. म्हणून मेल महिनाभर आधी टाका.